वीज चंद्रपूरची, पण भामरागडच्या वाटेवर भरवसा पॉवर बँकेचा, असं का?

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. महानिर्मितीचं हे राज्यातलं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र. ते पूर्ण क्षमतेनं चालत असेल, तर एका सेकंदात तयार होणाऱ्या विजेवर २०,००० एमएएचच्या सुमारे दहा हजार पॉवर बँका भरतील. हे कागदावरचं गणित झालं, पण त्यातून आकाराची कल्पना येते. इथली वीज मुंबईच्या दिशेनं नेण्यासाठी १९९९ साली चंद्रपूर ते पडघा अशी ७५२ किलोमीटरची उच्चदाब डीसी वाहिनीही सुरू झाली.

त्याच चंद्रपूरला लागून गडचिरोली जिल्हा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपूरमधूनच वेगळा झाला. जिल्ह्याच्या जवळपास ७० टक्के भूभागावर जंगल आहे. जिल्हा मुख्यालयापासून भामरागड सुमारे १८० किलोमीटर लांब. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, वीजवाहिनीवर झाड पडलं की लाईन जाते आणि दोन दिवसांत गावातले बहुतेक फोन मान टाकतात.

पॉवर बँक म्हटलं की सहसा पाठीवर सॅक घेतलेला ट्रेकर किंवा सफारीला निघालेला पर्यटक डोळ्यांसमोर येतो. या दोन जिल्ह्यांत मात्र ती वनरक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामरोजगार सेवक आणि शिक्षक यांच्या पिशवीतली कामाची वस्तू झाली आहे. असं का झालं, पॉवर बँकेच्या खोक्यावर लिहिलेल्या आकड्यातलं प्रत्यक्षात किती मिळतं आणि चंद्रपूरच्या उन्हात ती कशी वागते, ते समजून घेऊ.

आत्ताच हा विषय का?

कारण गेल्या दोनेक वर्षांत गडचिरोलीचा दक्षिण आणि पूर्व भाग झपाट्यानं खुला होतोय. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं लोकार्पण झालं आणि त्या पट्ट्यात पहिल्यांदाच एसटी धावली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी संघटनेचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. ज्या गावांत पूर्वी सरकारी माणूस क्वचित पोहोचायचा, तिथे आता कर्मचारी जातात, पर्यटक चौकशी करू लागलेत आणि मोबाइल टॉवरही उभे राहतायत.

केंद्रीय मंत्रिमंडळानं २७ एप्रिल २०२२ रोजी नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ टूजी टॉवर फोरजी करण्याला मंजुरी दिली. हा आकडा एकट्या गडचिरोलीचा नाही, दहा राज्यांचा आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २७ जुलै २०२२ रोजी, नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांसाठी फोरजीची वेगळी योजना मंजूर झाली. म्हणजे रेंज पोहोचवण्यासाठी खर्चाची तरतूद आहे, वेळापत्रक आहे, बातम्याही होतात. फोन चार्ज कसा राहणार, याची मात्र कुठल्याच योजनेत वेगळी ओळ नसते. ते ज्यानं-त्यानं पाहायचं.

फोन आता नुसता बोलण्यासाठी उरला नाही

दहा वर्षांपूर्वी दुर्गम गावात फोन बंद पडला तर गैरसोय व्हायची, एवढंच. आता काम अडतं.

मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी एनएमएमएस या अ‍ॅपवरून घेणं बंधनकारक झालं. दिवसातून दोनदा, कामाच्या जागेवरून, ठिकाणाची नोंद असलेला फोटो. २०२५ च्या अखेरीस या योजनेची जागा घेणारा नवा कायदा संमत झाला, पण त्यातही मोबाइलवरून देखरेख आणि डिजिटल ओळख यांवरच भर आहे. अंगणवाड्यांची नोंद मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर जाते आणि जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा पडताळावा लागतो. शेतकऱ्यासाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. वनरक्षक पायी गस्त घालताना एम-स्ट्राइप्स अ‍ॅप सुरू ठेवतो. त्यात त्यानं कापलेली वाट, दिसलेले पगमार्क आणि विष्ठा यांची नोंद होत राहते.

रेंज नसेल तर यातल्या काही अ‍ॅपमध्ये सोय आहे. नोंद फोनमध्ये साठवायची आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायची. या 'ऑफलाइन' सोयीचं कौतुकही होतं. पण फोन सुरू आहे, हे ती सोय गृहीतच धरते. दुपारी दोन वाजता बॅटरी शून्यावर आली, तर ऑफलाइन अ‍ॅपही बंदच. दुसऱ्या फोटोविना हजेरी अर्धी राहिली, तर ती मजुरीचा प्रश्न होते आणि ती मजुरी ज्याची असते, त्याचा त्या फोनशी काहीही संबंध नसतो.

आजारपणात तर एवढीही सवलत नाही. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. पण सर्पदंश झालेल्या किंवा कळा सुरू झालेल्या बाईसाठी ती बोलवायला गावात एक तरी फोन जिवंत असावा लागतो. भामरागड, एटापल्ली तालुक्यांत गरोदर बाईला खाटेवर घालून नदी-नाला ओलांडल्याच्या बातम्या जवळजवळ दर पावसाळ्यात येतात. त्या प्रत्येक वेळी कुणीतरी कुठून तरी फोन लावलेला असतो.

मतदान यंत्राला जे सुचलं, ते अ‍ॅपला का नाही?

इथे एक तुलना फार बोलकी आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १९ एप्रिलला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात मतदान झालं. संवेदनशील भागातल्या केंद्रांवर कर्मचारी आणि यंत्रं हेलिकॉप्टरनं पोहोचवावी लागली आणि मतदानाची वेळ दुपारी तीनपर्यंतच ठेवली होती. तरीही मतदान ७१.८८ टक्के झालं, राज्यात सर्वाधिक.

या केंद्रांपैकी अनेक ठिकाणी विजेची खात्री नव्हती. तरी यंत्रं बंद पडण्याचं कारण वीज ठरली नाही. कारण ईव्हीएम विजेच्या जोडणीवर चालतच नाही. कंट्रोल युनिटमध्ये ७.५ व्होल्टचा आणि व्हीव्हीपॅटमध्ये २२.५ व्होल्टचा बॅटरी पॅक असतो. ही बॅटरी मोबाइलसारखी पुन्हा चार्ज होणारी नसते. ती एकदाच वापरायची अल्कलाइन बॅटरी असते, घड्याळातल्या किंवा कॅल्क्युलेटरमधल्या सेलसारखी. ती कुणाला भरत बसावी लागत नाही आणि राखीव पॅक सोबत असतो.

म्हणजे देशाच्या शेवटच्या मतदान केंद्रावर वीज नसेल, असं धरूनच ते यंत्र बनवलं गेलं. रोजच्या कामाची अ‍ॅप मात्र, संध्याकाळी कर्मचारी घरी जाईल आणि फोन सॉकेटला लावेल, असं धरून बनली आहेत. मतदान पाच वर्षांतून एकदा-दोनदा होतं, हजेरी रोज दोनदा. अडचण रोजच्या कामात जास्त येणार, हे उघड आहे.

जंगलात फोन लवकर का उतरतो?

शहरात दिवसभर टिकणारा फोन आलापल्लीच्या पुढे गेला की दुपारपर्यंतच लाल दाखवू लागतो, असा अनुभव अनेकांना येतो. फोन जुना झाला, असं वाटतं. खरं कारण बहुतेकदा रेंज असते.

फोन टॉवरशी सतत बोलत असतो. टॉवर जवळ असेल तर हळू आवाजात भागतं, लांब असेल तर ओरडावं लागतं. रेंजची एकच कांडी असते तेव्हा फोनचा रेडिओ जास्तीत जास्त ताकद लावून सिग्नल पाठवत असतो. रेंज पूर्ण गेली तर तो थोड्या-थोड्या वेळानं नव्यानं टॉवर शोधत राहतो. दोन सिमकार्डं असतील तर शोध दोन्हींचा. याच वेळी जीपीएस सुरू असेल, उन्हात दिसावं म्हणून स्क्रीनचा उजेड पूर्ण असेल आणि दर तासाला फोटो काढले जात असतील, तर पाच हजार एमएएचची बॅटरीही दिवस काढत नाही. वनरक्षकाच्या गस्तीत या चारही गोष्टी एकत्र येतात.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय विकत घ्यावा लागत नाही. रेंज नसलेल्या पट्ट्यात फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. जीपीएस उपग्रहाकडून संकेत घेतं, त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. त्यामुळे बहुतेक फोनमध्ये एअरप्लेन मोडवरही ठिकाणाची नोंद आणि आधी उतरवून घेतलेला नकाशा चालतो. फक्त तुम्हाला कुणी फोन करणार असेल तर तो लागणार नाही, हे घरी सांगून निघावं.

दहा हजार म्हणजे दहा हजार नव्हे

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं. फोनची बॅटरी ५,००० एमएएच. म्हणजे दोनदा फोन भरेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तो दीड वेळाही पूर्ण भरत नाही.

यात फसवणूक असतेच असं नाही. १०,००० हा आकडा आतल्या सेलचा आहे आणि तो सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. यूएसबीतून वीज ५ व्होल्टनं बाहेर पडते. व्होल्टेज वाढवताना एमएएच कमी होतात आणि काही वीज उष्णता होऊन जाते. म्हणून तुलना वॉट-अवर या एककात करावी. १० एएच गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॉट-अवर. त्यातले साधारण ३० बाहेर येतात. पाच हजारांचा फोन शून्यापासून भरायला, चार्जिंगमधली गळती धरून, २१-२२ वॉट-अवर लागतात. चांगले उत्पादक खोक्यावर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ५,५०० ते ६,५०० असा दुसरा आकडा छापतात. खरा उपयोगाचा आकडा तोच. तो कुठेच छापलेला नसेल आणि बस स्टँडवरच्या टोपलीत तळहाताएवढी वस्तू ५०,००० एमएएच म्हणून विकायला असेल, तर त्यात काय आहे हे न उघडताही कळतं.

भारतात पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी बंधनकारक आहे. वस्तूवर आयएस क्रमांक आणि 'आर' या अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून पाहता येतो. दुकानातच, पैसे देण्याआधी, एका मिनिटाचं काम आहे.

तीन दिवसांच्या दौऱ्याचा हिशेब मग सोपा होतो. रोज एक पूर्ण फोन धरला तर साठ-सत्तर वॉट-अवर लागतात. म्हणजे २०,००० एमएएचची एक पॉवर बँक जेमतेम पुरते. दोघांत एक असेल तर पुरत नाही. आणि २०,००० ची एक नेण्यापेक्षा दहा-दहा हजारांच्या दोन नेणं शहाणपणाचं. नाल्यात एक पडली तरी दुसरी उरते.

खरा शत्रू ऊन

चार्जिंगचे सल्ले देणारे बहुतेक व्हिडिओ थंड प्रदेशातले असतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, ती झोपायच्या बॅगेत ठेवा, असं त्यात सांगतात. चंद्रपूरला हा सल्ला उलटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि देशातल्या सर्वाधिक तापलेल्या ठिकाणांच्या यादीत ही नावं दरवर्षी येतात.

लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी, असं मानलं जातं आणि इथे हे तापमान बॅटरीचं धरायचं, हवेचं नव्हे. चार्ज होताना ती स्वतःही तापते. आयफोनसाठी अ‍ॅपलनं दिलेली वापराची मर्यादा शून्य ते ३५ अंश आहे. बंद ठेवतानाही ४५ अंशांपुढे नको, असं कंपनी सांगते. चंद्रपुरात मे महिन्यातल्या दुपारी सावलीतच ती मर्यादा ओलांडली जाते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर तापमान याच्याही कितीतरी वर जातं.

अशा उष्णतेनं लगेच स्फोट होतो, असं नाही. आधी बॅटरीचं आयुष्य कमी होतं. पहिल्या वर्षी दीड वेळा फोन भरणारी पॉवर बँक दुसऱ्या उन्हाळ्यानंतर एकदाच भरते. सेल हलक्या दर्जाचा असेल, मार बसलेला असेल किंवा फुगलेला असेल, तर मात्र आत शॉर्ट होऊन आग लागू शकते. २०२५ च्या जूनमध्ये अँकरसारख्या नावाजलेल्या कंपनीनंही अमेरिकेत एका मॉडेलच्या ११ लाखांहून अधिक पॉवर बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या. तेंदूपत्त्याच्या हंगामात, पाचोळा वाळून खडखडीत झालेला असताना, फुगलेली पॉवर बँक जंगलात फेकून देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ती कोरड्या मातीच्या किंवा वाळूच्या डब्यात ठेवून शहरात आणावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण ही परत देण्याची जागा शहरात असते आणि बॅटरी मरते ती जंगलात.

या उन्हात पॉवर बँक पहाटे किंवा रात्री भरावी, दुपारी नाही. गाडीत ठेवायची तर सीटखाली, सुती कापडात. फोन चार्ज होत असताना दोन्ही वस्तू एकाच बंद खिशात कोंबू नयेत.

सोलर पॉवर बँकेनं प्रश्न सुटतो का?

इतकं ऊन आहे तर सोलर का नको, हा प्रश्न येणारच. बाजारात पाठीवर छोटं सोलर पॅनेल चिकटवलेल्या पॉवर बँका मिळतात. हे पॅनेल जेमतेम एक-दीड वॉटचं असतं. चांगल्या उन्हात दिवसाला सहा-सात वॉट-अवर मिळाले तरी ३७ वॉट-अवरची बँक भरायला आठवडा लागेल. आणि ती भरायची तर बॅटरीलाच उन्हात तापत ठेवावं लागतं, म्हणजे वर सांगितलेली चूक मुद्दाम करायची. हा प्रकार या भागासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे.

उपयोगाचं असतं ते घडी घालता येणारं, वीसेक वॉटचं वेगळं पॅनेल. ते उन्हात, पॉवर बँक सावलीत आणि मध्ये वायर. प्रत्यक्षात त्यातून दहा ते चौदा वॉट मिळतात, म्हणजे दहा हजारांची बँक एका उघड्या दिवसात भरते. पण सागवानाच्या दाट पानांखाली हा हिशेब कोसळतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये, नेमका जेव्हा गावांचा संपर्क तुटतो तेव्हा, ढगांमुळे तो आणखीच कोसळतो. पावसाळ्यासाठी सोलरवर विसंबू नये. पूर यायच्या आत भरून ठेवलेली पॉवर बँक बरी.

गडचिरोलीत या वस्तूंना एक वेगळा इतिहासही आहे. चकमकीनंतर पोलीस जी जप्तीची यादी देत, त्यात वॉकीटॉकी, चार्जर, बॅटऱ्या, वायर आणि सोलर पॅनेल यांचा उल्लेख वर्षानुवर्षं येत राहिला. जंगलात राहणाऱ्या सशस्त्र गटालाही वीज लागत होतीच. त्यामुळे सुट्ट्या बॅटऱ्या, उघड्या वायरी असा जुगाड पिशवीत घेऊन आतल्या भागात फिरणं शहाणपणाचं नव्हतं आणि आजही कंपनीची, ओळखू येणारी वस्तू जवळ असणं सोयीचं.

ताडोबाला जाणाऱ्याचं काय?

ताडोबाच्या पर्यटकाचा प्रश्न या सगळ्याच्या तुलनेत किरकोळ आहे. व्याघ्र प्रकल्पात २०१८ च्या डिसेंबरपासून सफारीत मोबाइल नेण्यावर बंदी आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरू देऊ नये, असं सांगितलं. तेव्हा मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून आत जाताना फोन चार्ज असो वा नसो, फरक पडत नाही. कॅमेऱ्याची जादा बॅटरी मात्र भरलेली हवी. मुक्कामाच्या ठिकाणी वीज असते.

विमानानं नागपूरला उतरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हँडबॅगेतच न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० ची बँक ७४ वॉट-अवरची असते, ३०,००० ची १११. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला उड्डाणाआधी आग लागली, तेव्हा संशय पॉवर बँकेवरच गेला आणि जगभरात नियम कडक झाले. एमिरेट्सनं तर ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी घातली. आकडा पुसलेली बँक सुरक्षा तपासणीत अडवली जाऊ शकते.

पर्यटकाची जीप गेटबाहेर पडते, तेव्हा त्याच जंगलात वनरक्षक पायी असतो. ताडोबात नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणात वाघिणीच्या हल्ल्यात एका महिला वनरक्षकाचा मृत्यू झाला होता. पायी काम किती जोखमीचं असतं, हे त्या घटनेनं राज्याला दाखवलं. अशा ठिकाणी सुरू असलेला फोन किंवा वायरलेस हा सुरक्षेचा भाग असतो. जंगलात लावलेले बहुतेक कॅमेरा ट्रॅप एए आकाराच्या साध्या सेलवर कित्येक आठवडे चालतात, कारण ते फक्त हालचाल झाली की जागे होतात. माणसाच्या हातातल्या फोनला ही चैन नाही.

फोन भरलेला, पण टॉवर उतरलेला

पॉवर बँकेची एक मर्यादा जाहिरातीत कधीच येत नाही. तुमचा फोन शंभर टक्के आहे, पण टॉवरच बंद आहे, तर काय?

मोबाइल टॉवरलाही वीज लागते. लाईन गेली की तो स्वतःच्या बॅटरीवर काही तास तग धरतो. मग जनरेटर असेल तर डिझेल लागतं आणि डिझेल आणणारा रस्ता पर्लकोटाच्या पलीकडे अडलेला असतो. नक्षलग्रस्त भागांतले सुरुवातीचे टूजी टॉवर मुद्दाम कमी विजेवर, सौर ऊर्जेवर चालतील असे उभारले होते, ते याच कारणानं. फोरजीला वीज जास्त लागते, म्हणजे पॅनेल मोठं हवं आणि बॅटरीही मोठी हवी. तेव्हा गावात टॉवर आला, ही बातमी अर्धीच असते. लाईन गेल्यावर तो किती तास चालतो, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा, कारण पुराच्या तिसऱ्या दिवशी गावाचा संपर्क त्याच आकड्यावर ठरतो.

घराघरांतल्या विजेचंही असंच. केंद्रानं २५ सप्टेंबर २०१७ रोजी सौभाग्य योजना जाहीर केली. जिथे तारा नेणं शक्य नाही, अशा दुर्गम घरांसाठी त्यात २०० ते ३०० वॉटचं सोलर पॅनेल, बॅटरी, जास्तीत जास्त पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि एक डीसी प्लग देण्याची तरतूद होती. मोबाइलसाठी हा संच पुरेसा, किंबहुना भरपूर आहे. दहा हजारांची पॉवर बँक त्यावर तीन-चार तासांत भरेल. पण देखभाल-दुरुस्तीची हमी पाच वर्षांची होती. २०१८ मध्ये बसवलेल्या संचाची मुदत २०२३ मध्ये संपली आणि सोलर संचात सर्वांत आधी मरते ती बॅटरी. पॅनेल पुढची पंधरा वर्षं उन्हात वीज बनवत राहील, पण ती रात्रीसाठी साठवायला काही उरणार नाही. अशा घरात आज चालू पॅनेल आहे, बंद बॅटरी आहे आणि आठवडी बाजारात दुकानदाराकडे चार्जिंगला लावलेला फोन आहे.

खर्च कोणाचा?

हेमलकशात डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथे वीज नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी कंदील आणि टॉर्चच्या उजेडात उपचार केले. तेव्हा विजेअभावी काम अवघड होत होतं, पण रुग्णाची नोंद कागदावर होत होती आणि कागदाला चार्जिंग लागत नव्हतं. आता कागद मागे पडला आहे. काम पूर्ण झालं तरी फोनमध्ये नोंद नसेल तर ते झालेलं धरलं जात नाही.

राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले होते. फोन गरम होतो, अडकतो, त्यात मावत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या आंदोलनानं फोनचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न निदान ऐरणीवर आणला. पुढे नवे फोन आले. त्या फोनसोबत चार्जर येतो, पण चार्जर सॉकेटशिवाय चालत नाही. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा या तालुक्यांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला फोनबरोबर बीआयएस नोंदणीची २०,००० एमएएचची पॉवर बँक आणि घडीचं पॅनेल द्यायचं ठरवलं, तर तो खर्च एका फोनच्या किमतीपेक्षा कमीच येईल. दर दोन उन्हाळ्यांनी ती बदलावी लागेल आणि जुनी परत घ्यावी लागेल, हेही त्याच आदेशात लिहावं लागेल. तोवर ती पॉवर बँक कर्मचारी स्वतःच्या मानधनातून घेत राहणार, बहुतेकदा बस स्टँडवरच्या त्या टोपलीतूनच.